टँकरमागची थाप

एस.टी. मागे घ्यायची असली की कंडक्टरने खाली उतरायचं, ड्रायव्हरला आरशात दिसेल असं मागे जाऊन उभं राहायचं आणि शिट्टी वाजवायची. ऊन असो, चिखल असो, स्टँडवरची कुत्री अंगावर येवोत, उतरायचंच. मी कंडक्टर म्हणून धाराशिवला लागले तेव्हा माझ्या पहिल्या ड्रायव्हरने मला आधी हे शिकवलं आणि तिकीट फाडायचं नंतर. शिट्टी वाजतेय तोवर ये, शिट्टी थांबली की थांब, असा आमचा कायदा. मला चक्कर आली, घशात माशी गेली, काहीही झालं तरी शिट्टी थांबते आणि गाडीही थांबते. गाडी म्हणजे तरी काय, निम्म्या खिडक्या न लागणारा लाल डबा. पण तिच्यामागे माणूस उभा राहतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सांगताना माझा आवाज चढणार आहे.

माझा धाकटा भाऊ आमच्या गावी, बेंबळीला, पाण्याचा टँकर चालवायचा. उन्हाळा लागला की आमच्या भागात टँकरची वाट जावयापेक्षा जास्त बघतात. गल्ल्या अशा की समोरून म्हैस आली तर दोघांपैकी एकाने माघार घ्यायची, आणि माघार बहुतेक टँकरच घेतो. विहिरीपर्यंत टँकर मागेच न्यावा लागतो, कारण पाणी सोडायचा पाइप मागच्या अंगाला. आणि तिथे अख्खी आळी उभी. कुणी ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणून ओरडतंय, कुणी घागरी वाजवतंय, कुणी आधीच भांडायला लागलंय. या गलक्यात ड्रायव्हरला काय कळणार? म्हणून तिथली रीत पडली होती की जो सगळ्यात मागे असेल त्याने टाकीच्या पत्र्यावर हाताने थाप मारायची. थाप पडली की ब्रेक. ती थाप कानाला नाही, पाठीला ऐकू येते असं भाऊ म्हणायचा. त्याच्या टँकरचा एक आरसा फुटलेला होता आणि दुसरा सुतळीने बांधलेला. थाप पडेपर्यंत येत राहायचं, हा त्याचा कायदा.

म्हणजे आमचे कायदे एकमेकांच्या उलटे. माझ्याकडे आवाज थांबला की गाडी थांबते, त्याच्याकडे आवाज झाला की. दिवाळीला माहेरी गेले की यावरून आमची थट्टा चालायची. मी म्हणायचे, एखाद दिवशी मागे कुणी नसलं तर तू टँकर घेऊन विहिरीत जाशील.

“अक्का,” तो हसून म्हणायचा, “दुष्काळात टँकरच्या मागं कुनीच न्हाय, असं कधी झालंय का?”

मग आमच्याच तालुक्यातला एक माणूस गावात यायला लागला. तो एका मोठ्या शहरात राहायचा. तिथल्या विमानतळावर गाड्या आणि ड्रायव्हर पुरवणारा एक ठेकेदार होता, त्याचा हा मुकादम. गावात सगळे त्याला साहेब म्हणायचे आणि त्यालाही ते बरं वाटायचं. त्याला टँकरचेच ड्रायव्हर हवे होते. जो बेंबळीच्या गल्लीतून टँकर मागे घेतो त्याला विमानतळ म्हणजे जत्रेचं मैदान, असं तो पारावर बसून सांगायचा. भाऊ भुलला. भुलण्यासारखंच होतं, पगार महिन्याच्या महिन्याला आणि अंगावर चमकणारं जाकीट. आईने तुळजापूरला जाऊन ओटी भरली. विमानालाही टँकर लागतो हे मात्र तिला काही केल्या पटेना. इथं माणसांना पाणी मिळायची मारामार आणि तिथं विमानाला पाणी घालतात, याचा तिला राग आला होता की कौतुक वाटलं होतं, ते आजवर कळलेलं नाही.

काम तसं सोपं होतं. विमान येऊन थांबलं की त्याच्या पोटाखाली, मागच्या बाजूला, प्यायच्या पाण्याचा छोटा टँकर मागे घेऊन लावायचा, नळी जोडायची, पाणी भरायचं, निघायचं. मागे घेताना एक गाईड पाहिजे, म्हणजे हाताने खुणा करणारा माणूस. तो नसेल तर गाडी हलवायची नाही, हा तिथला नियमच. भावाने हे फोनवर सांगितलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी ते डेपोत सगळ्यांना सांगितलं. म्हटलं, बघा, विमानतळावरसुद्धा आमच्यासारखा मागे माणूस लागतो.

तो आनंद फार टिकला नाही. ठेकेदाराने हळूहळू गाईड कमी केले. आधी एका टँकरला एक होता, मग दोघांत एक झाला, मग तर एकच गाईड या विमानाकडून त्या विमानाकडे पळायचा. भाऊ हे हसत हसत सांगायचा. मी फोनवरच त्याला झापलं. म्हटलं, माणूस नसेल तर गाडी मागे घेऊ नकोस, नियम तुझ्या बाजूने आहे. तर तो म्हणाला की इथं विमानाला उशीर झाला की आमच्याच नावाने शिमगा होतो. नियम भिंतीवर लावलेला असतो आणि वॉकीटॉकीवर वरचा माणूस ओरडत असतो, ‘घे मागं, घे मागं.’ नियम करायचा आणि पाळायला लागणारा माणूस काढून घ्यायचा, याला काय म्हणायचं? मी तरी याला लबाडी म्हणते.

व्हायचं ते एका दुपारी झालं. भाऊ घरी परत आल्यावर त्याने मला ते सांगितलं, आमच्या घराच्या ओट्यावर बसून. परात म्हणजे विमान आणि तांब्या म्हणजे टँकर. गाईड पलीकडच्या विमानाकडे होता. वॉकीटॉकीवर घाई चाललेली. कानावर ते आवाज अडवणारे गोळे लावलेले, बाहेर इंजिनांचा असा घोष की स्वतःचं बोलणं ऐकू येऊ नये. आरसे होते, चांगले मोठे होते. पण त्या दुपारी ऊन आरशात मारत होतं आणि इतक्या वर्षांची सवय पाठीत बसलेली होती. त्याने तांब्या हळूहळू परातीकडे सरकवला, आणि परातीला लागायच्या आधीच त्याचा हात थांबला.

“थाप पडंना, म्हणून येतच राहिलो गं,” तो म्हणाला.

टँकरच्या मागच्या लोखंडी गजाने विमानाच्या पोटाला पोचा पडला. पोचा केवढा, तर पुरणपोळीएवढा. कुणाचं लक्ष नव्हतं. सामान चढवणारे दुसऱ्या बाजूला होते, वर प्रवासी बसत होते. भावाने टँकर हातभर पुढे घेतला असता, नळी लावली असती, पाणी भरून निघून गेला असता, तर ते विमान त्या पोचासकट उडालं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. निदान वर जाईपर्यंत.

त्याने तसं केलं नाही. तो खाली उतरला, हात वर करून त्या विमानाच्या इंजिनिअरकडे गेला आणि म्हणाला, माझी गाडी लागली. ट्रेनिंगमध्ये त्यांना सांगितलं होतं की विमानाचा पत्रा पातळ असतो, बाहेरून नुसता पोचा दिसतो आणि आत चीर गेलेली असू शकते. बाकीच्यांनी ते ऐकून सोडून दिलं असेल, याने धरून ठेवलं. विमान थांबलं. प्रवाशांना खाली उतरवलं. उतरताना त्यांतल्या काहींनी त्याच्याकडे बघून शिव्या घातल्या आणि एकाने मोबाइलवर त्याचं शूटिंग केलं. ज्याच्यामुळे आपण धड जमिनीवर आहोत त्याचंच शूटिंग, आणि तेसुद्धा ‘बघा कसले ड्रायव्हर ठेवतात’ म्हणून. ते शूटिंग फिरत फिरत बेंबळीतही पोचलं.

त्याचा विमानतळाचा पास काढून घेतला आणि चौकशी होईपर्यंत घरी जा म्हणाले. पास नाही म्हणजे तिथे पाय ठेवता येत नाही. तो गावी आला आणि चहाच्या टपरीवर गेला, ही त्याची चूक. विमानाने कट मारला का रे, विमानाचा हॉर्न ऐकू आला न्हाय व्हय, अशी एकेकाने सुरुवात केली. आमच्या लोकांना थट्टेला विषय मिळाला की चार पावसाळे पुरवतात. तो दोन दिवस हसला, मग टपरीवर जायचाच बंद झाला. माझी भावजय बिचारी विहिरीवर बायकांच्या बोलण्याने रडकुंडीला यायची. याच भावाने मागच्या दुष्काळात या सगळ्यांच्या घागरी भरल्या होत्या. मी सुट्टीला गावी गेले की टपरीसमोरून मुद्दाम मान ताठ ठेवून जायचे आणि कुणी काही बोलतंय का याची वाट बघायचे. माझ्यासमोर कुणी बोललं नाही. माझं तोंड सगळ्यांना माहीत आहे.

एका रविवारी मी गावी असतानाच तो साहेब आला. पांढरीशुभ्र नवी मोटार, काचा काळ्या. आमची गल्ली पुढे बंद आहे. एका बाजूला शेजाऱ्यांच्या गोठ्याची दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला आमचा पाण्याचा हौद. त्याने मोटार सरळ आत आणून आमच्या दारात लावली. भावजयीने पोहे केले, आईने पदर सावरून खुर्ची पुढे केली. मी खांबाला टेकून उभी राहिले, बसले नाही.

आधी त्याने हवापाण्याचं विचारलं. मग भावाकडे वळला.

“तुला सांगायला कुणी सांगितलं होतं?” तो म्हणाला. “कुणी बघितलं होतं का? पाणी भरायचं, निघून जायचं. चार माणसांच्या पोटावर पाय आणलास तू.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या विमानात बसलेली माणसं त्याच्या हिशेबात कुठेच नव्हती. पण मी तेवढ्यापुरती गप्प राहिले, कारण तो कशासाठी आलाय ते मला ऐकायचं होतं.

ते त्याने पोहे खाता खाता सांगितलं. दोन दिवसांनी भावाला चौकशीला बोलावणार होते. तिथे त्याने एवढंच म्हणायचं की गाईड मागे उभा होता, थांब म्हणून खूण करत होता, माझंच लक्ष नव्हतं. मग ती ड्रायव्हरची चूक ठरेल आणि प्रकरण मिटेल. गाईड नव्हताच असं तो बोलला, तर बाकीच्या गाड्यांमागे गाईड कुठे आहेत हे विचारलं जाईल आणि ठेकाच जाईल. ऐकलंस तर काही महिन्यांनी दुसऱ्या एखाद्या शहरात तुला लावून देतो. नाही ऐकलंस तर कोणत्याही विमानतळाचं फाटक तुला पुन्हा उघडणार नाही.

भाऊ खाली मान घालून बसला होता. आई म्हणाली, एवढं बोलल्याने काय जातंय, बोल की बाबा. भावजयीची नजर मी बघितली. तिलाही त्याने हो म्हणावं असंच वाटत होतं, आणि मी तिला दोष देत नाही. घरात बसलेला नवरा आणि विहिरीवरची थट्टा तिला रोज सोसायची होती, मला नव्हती.

मग मी तोंड उघडलं. काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. पण मी विचारलं की गाईड काढून कुणी घेतले, आणि वॉकीटॉकीवर घे मागं म्हणून कोण ओरडत होतं, त्याचं नाव चौकशीत येणार आहे का. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यातली ही गत आहे, असंही म्हणाले. आमच्या डेपोत कंडक्टर मागे नसताना ड्रायव्हरने बस मागे घेतली तर तो कंडक्टर कुठे होता हे आधी विचारतात, हेही सांगितलं. साहेबाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तोंड पुसलं, आणि ताई, तुमची एस.टी. निराळी, विमानतळ निराळा, बायकामाणसांनी यात पडू नये, असं म्हणून उठला.

उठता उठता त्याने भावाला विचारलं, काय ठरलं मग?

“बगतो साहेब,” भाऊ म्हणाला.

आमच्याकडे ‘बगतो’ म्हणजे निम्मं हो असतं. साहेबाला ते बरोबर कळलं. त्याने भावाच्या खांद्यावर थोपटलं. मला त्या क्षणी साहेबापेक्षा भावाचाच राग जास्त आला. ज्याने भरल्या विमानासमोर जाऊन माझी गाडी लागली म्हणून सांगितलं, तो आपल्याच ओट्यावर बसून हे गिळणार होता. गिळलं असतं तर उरलेला जन्म तो स्वतःच म्हणत राहिला असता की माझ्यामागे माणूस होता आणि मला दिसला नाही. आणि पुढच्या ड्रायव्हरच्या मागे तर कधीच कुणी उभं राहिलं नसतं.

साहेब मोटारीत बसला, उकडत होतं म्हणून काच खाली केली. मोटार चालू झाली, मागचा गिअर पडला आणि आतल्या पडद्यावर कॅमेऱ्यातलं मागचं दिसायला लागलं. ते मला ओट्यावरूनही दिसत होतं, आमचा हौद, गोठ्याची भिंत, सगळं रंगीत. तरी तो तसाच बसून राहिला. एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे. मग खिडकीतून त्याने भावाला हाक मारली.

“अरे, जरा मागं उभा राहा की. नवी गाडी हाय, कॅमेऱ्याचा काय भरोसा न्हाय.”

भाऊ उठला. मला वाटलं, संपलं. आता हा त्याची गाडीही काढून देणार. तो मोटारीच्या मागे गेला, गल्लीच्या मधोमध, कॅमेऱ्यातही दिसेल आणि आरशातही दिसेल असा उभा राहिला. आणि त्याने दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन त्यांची फुली केली. ही विमानतळावरची थांबायची खूण. त्याने मला एकदा फोनवर समजावून सांगितली होती, बघितली मी त्या दिवशी पहिल्यांदा.

साहेबाने हॉर्न दिला. भाऊ हलला नाही. शेजारच्या घरातून दोघं-तिघं डोकावली. टपरीवरचे दोघं आवाज ऐकून गल्लीच्या तोंडाशी आले. साहेबाने खिडकीतून डोकं काढून काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा भाऊ हात खाली न घेता बोलला. तो मोठ्याने बोलणारा माणूस नाही, पण त्या दिवशी टपरीवरच्यांनाही ऐकू गेलं.

“साहेब, तुमच्या गाडीला कॅमेरा हाय, तरी मागं मानूस लागतोय. तितं माज्यामागं कुनी नव्हतं. म्या चौकशीत तेवडंच सांगनार हाय.”

मग त्याने हात खाली घेतले आणि मोटार मागे घ्यायला खुणा सुरू केल्या. ती सबंध गल्ली त्याने साहेबाला एकही ओरखडा न पाडता बाहेर काढून दिली. शेवटच्या वळणावर, भिंत वीतभर राहिली असताना, मोटारीच्या पत्र्यावर थाप मारून थांबवलं. साहेबाचा ब्रेक बरोबर लागला. बेंबळीच्या बाजूचाच माणूस तो, थाप त्याच्याही पाठीत बसलेली होती.

मी ओट्यावरून खाली उतरले तेव्हा मला रडू येत होतं आणि मी ते कुणाला दिसू दिलं नाही. आई आत जाऊन भांडी आपटायला लागली.

चौकशीत भावाने तेच सांगितलं. पुढे काय ठरलं ते आम्हाला कुणी कळवलं नाही. पास परत आला नाही, फाटक उघडलं नाही, साहेबाने शब्द अगदी खरा केला. भावाबरोबर तिथे काम केलेल्या एका ड्रायव्हरचा फोन मात्र आला होता, की आता प्रत्येक टँकरच्या मागे पुन्हा गाईड उभा असतो. हे ऐकून भाऊ दिवसभर खुशीत होता. मला त्याची ती खुशी बघवेना. ज्याच्यामुळे माणसं परत उभी राहिली त्याला सोडून तिथे सगळ्यांना जागा होती, आणि याबद्दल मी कुणाकडे दाद मागायची ते मला अजून कळलेलं नाही. मला अजून तितकाच राग येतो. डेपोत दर वेळी बसमागे जाऊन उभी राहिले की येतो.

भाऊ पुन्हा गावचा टँकर चालवतो. आरसे त्याने पहिल्या आठवड्यातच नवे बसवले. थापेवर तो आता विसंबत नाही. गेल्या उन्हाळ्यात त्याने माझ्याकडून एक जुनी शिट्टी मागून नेली आणि ती टाकीच्या मागच्या कडीला दोरीने बांधली. टँकर विहिरीकडे निघाला की मागे जी कुणी बाई उभी असेल तिने ती वाजवायची. पहिल्या दिवशी बायका एकमेकींकडे बघून हसल्या, उष्टी शिट्टी कोण तोंडात घालणार म्हणून मागे सरकल्या. भाऊ इंजिन बंद करून स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. उन्हात रिकाम्या घागरी घेऊन सगळ्या उभ्या, टँकर भरलेला, आणि तो हलत नाही. शेवटी माझ्या भावजयीने शिट्टी पदराला पुसली आणि फुंकली.